आभारप्रदर्शनात राहून गेलेल्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी क्लब हाऊसमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मी भाडेकरू, म्हणजे मागे खुर्ची मिळते, पण बोलायचा अधिकार नाही. शेवटी आभारप्रदर्शन झालं. लिफ्टच्या कंत्राटदाराचे आभार झाले, गणपतीच्या मांडववाल्याचे झाले, समोशांचा खर्च ज्यांनी उचलला त्यांचे तर दोनदा झाले. तुमचं नाव काही आलं नाही. तुम्ही मागच्या रांगेत निवांत समोसा खात बसल्या होत्या, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. मला मात्र राहवलं नाही. सभेत बोलता येत नाही तर नाही, जाहीर पत्र लिहायला कुणाचा ठराव लागत नाही.

नाव इथेही लिहीत नाही. फळ्याखाली तुम्ही स्वतःचं नाव कधी घातलं नाही, मग मी कोण घालणारी? ‘फळ्यावाल्या काकू’ म्हटलं की नागपुरातल्या बेसा रोडच्या आपल्या टाउनशिपमध्ये दूधवाल्यालाही कळतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. गेटच्या आत, गार्डच्या खोलीला लागून एक काळा फळा आहे. बिल्डरच्या काळात तो टँकरच्या वेळा लिहायला लावला होता. ॲपवर सूचना यायला लागल्या आणि तो ओस पडला. काकू तारघरातून निवृत्त झालेल्या. देशातली तारसेवा २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली, पण शब्दाला पैसे पडायचे त्या काळाची सवय त्यांच्या हाताला राहिली आहे. सकाळी फिरून आल्या की ओल्या फडक्यानं फळा पुसतात आणि चार-पाच ओळी लिहितात, त्याहून जास्त नाही.

काकू, सोसायटीच्या सूचना आणि तुमच्या ओळी यांतला फरक मला पहिल्याच आठवड्यात दिसला. लिफ्टमध्ये छापील कागद होता : ‘सामाईक जागेत पादत्राणे ठेवल्यास दंड आकारण्यात येईल.’ फळ्यावर त्याच दिवशी होतं : ‘ए विंगच्या पहिल्या माळ्यावर चपलांच्या रॅकमध्ये मांजरीनं पिल्लं दिली आहेत. चार आहेत. बूट झटकून घाला.’ त्या संध्याकाळी ए विंगचा पहिला माळा पोरांनी भरला होता, आणि पोरांना आणायला आलेल्या आया तासभर जिन्यात बोलत उभ्या होत्या. दंडाचा कागद कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही राहायला आलो तो मे महिना होता. नागपूरचा मे, त्यात नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. सामान दुपारी उतरलं. गॅसचं कनेक्शन बदलून यायचं होतं आणि सासूबाईंना चहा लागतो म्हणजे लागतोच. तुम्ही गेटवर फक्त विचारलं होतं, ‘कुठून आल्या बाई?’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ : ‘बी विंगमध्ये यवतमाळकडचे नवे लोक आले. गॅस अजून आला नाही. चहाचं विचारा.’ मी लाजले. थोडी चिडलेसुद्धा, आपल्या घरातलं असं गेटवर कशाला लिहायचं म्हणून. पण साडेसातला पहिला थर्मास आला, आठला दुसरा. नऊ वाजता समोरच्या दारातले तेलुगू आजोबा स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन उभे. त्यांना मराठी येत नव्हती, सासूबाईंना तेलुगू येत नव्हती, तरी दोघांनी मिळून नागपूरच्या उन्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. सासूबाई आजही त्यांना ‘कॉफीवाले भाऊजी’ म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही गार्डच्या खोलीचं लिहिलं होतं. ‘गार्डच्या खोलीवर टीन आहे. दुपारी आत पाच मिनिटं बसून पाहा. कुणाकडे जुना कुलर पडून आहे का?’ रात्रीपर्यंत गेटवर तीन कुलर येऊन पडले, त्यातला एक चालणारा होता. दुसऱ्याची मोटर आणि तिसऱ्याच्या ताट्या काढून डी विंगच्या इलेक्ट्रिशियन पोरानं आणखी एक उभा केला. त्यावर तुमची पुढची ओळ : ‘कुलर झाला. आता सगळ्यांनी आपापल्या कुलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो.’ टाकी का घासायची हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घासा, नाहीतर दंड, एवढंच सांगितलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते २०२३च्या सप्टेंबरमधल्या त्या आठवड्याचे.

२३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहायला लागला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. मोर भवनच्या बसस्टँडवर बसगाड्या बुडाल्या. सैन्य बोलवावं लागलं. आपल्याकडे बेसा रोडला मात्र काही नाही. पार्किंगमध्ये थोडं पाणी साचलं आणि लाइट गेली. सकाळी निम्मे लोक मोबाइलवर पुराचे व्हिडिओ पाहत ‘बाप रे’ म्हणत होते, आणि निम्मे कामवाली का नाही आली म्हणून कटकट करत होते.

त्या दिवशी फळ्यावर एकच ओळ होती. ‘आपल्याकडे कामाला येणाऱ्या कुणाकुणाच्या घरात पाणी गेलं? फोन करा आणि इथे लिहा.’ खाली खडू ठेवलेला. आम्ही त्या बायांकडून वर्षानुवर्षं भांडी घासून घेत होतो, आणि त्या नेमक्या कुठल्या वस्तीत, नाल्याच्या कुठल्या काठाला राहतात हे आमच्यातल्या कितीजणांना सांगता आलं असतं? दुपारपर्यंत फळा वेगवेगळ्या अक्षरांनी भरला. कुणाची कामवाली, कुणाचा इस्त्रीवाला, कॉर्पोरेशन कॉलनीत राहणारे कुणाचे आईवडील.

मग लोकांनी नेहमीचं केलं, जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणून टाकले. त्यात रेशमी साड्या, फाटके गाऊन, एक तर शेरवानी. तिसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलं, ‘कपडे पुरे. शेरवानी परत न्या. आता हवं ते असं : गादी, शेगडी, खराटा, फिनाईल, पाचवी आणि आठवीची पुस्तकं, न वापरलेल्या वह्या.’ ज्याने जे आणलं त्यावर रेघ मारायची. संध्याकाळी मी बँकेतून आले तेव्हा ‘आठवीची पुस्तकं’ यावर रेघ होती आणि ‘खराटा’ यावर तीनदा रेघ होती. चिखल किती होता ते त्यावरून कळत होतं.

आणि ते फोटो! कॉर्पोरेशन कॉलनीतल्या त्या आजी-आजोबांचे अल्बम पाण्यात गेले होते. त्यांचा मुलगा आपल्या सी विंगमधला, तो ओला गठ्ठा तसाच डिकीत घालून घेऊन आला. कुणी म्हणालं हेअर ड्रायर मारा, कुणी म्हणालं इस्त्री फिरवा. तुम्ही फळ्यावर लिहिलं, ‘ओल्या फोटोंना इस्त्री नको. एकमेकांना चिकटलेले ओढू नका. साध्या पाण्यात सोडवा, सावलीत टांगा.’ सी विंगच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या, कपड्यांचे चिमटे गोळा केले आणि अनोळखी लोकांच्या घरची लग्नं, बारशी, सीताबर्डीच्या किल्ल्यासमोर उभी राहिलेली सहल असं सगळं वाऱ्यावर हलत होतं. एका फोटोत नवरीचा चेहरा पार धुवून गेला होता, फक्त मुंडावळ्या उरल्या होत्या. आजी तो हातात घेऊन म्हणाल्या, ‘ही मीच. राहू द्या.’ ते सगळं मी जवळून पाहिलं. हे तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही इस्त्री फिरवलीच असती, काकू.

आता जरा भांडणाचं. ते लिहिल्याशिवाय पत्र खोटं वाटेल.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जादा शुल्क लावत होती. ते भरायचे मालक, पण भरणार कोण तर आम्ही, कारण ते सरळ भाड्यात चढायचं. तुम्ही फळ्यावर लिहिलं : ‘बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा आदेश, १ ऑगस्ट २००१.’ दुपारी ते पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा, फक्त १० आकडा मोठा. पुन्हा पुसलं. मग तुम्ही पुसणाऱ्यालाच निरोप लिहिला, ‘पुसायचं असेल तर ओलं फडकं वापरा, कोरड्यानं धूळ उडते आणि गार्डला खोकला येतो.’ त्यानंतर कुणी पुसलं नाही. दोन महिन्यांनी शुल्क खाली आलं. तुमचा स्वतःचा फ्लॅट मालकीचा, त्यात तुमचा एक रुपया वाचत नव्हता.

काही जणांना तुम्ही आगाऊ वाटता, हेही मला माहीत आहे. दहावीच्या निकालाला एका बाईंनी मुलीचे टक्के फळ्यावर लिहा म्हणून सांगितलं, तुम्ही नाही म्हणाल्या. लिहिलं ते असं : ‘दहावीचा निकाल लागला. पोरं घरी आहेत. पेढा खायला जा, टक्के विचारू नका.’ त्या बाई अजून तुमच्याशी बोलत नाहीत. माझ्या मते चूक त्यांची. त्याच विंगमधलं एक पोरगं त्या दिवशी दार लावून बसलं होतं, आणि त्याच्या घरीही संध्याकाळी लोक पेढा मागायला गेले, हे त्यांना कळलं नसेल.

तान्ह्या पोळ्याचं तर पोरंच सांगतील. आपल्याकडे केरळचे, बिहारचे, आंध्रचे, कुठले कुठले लोक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं का फिरतात हे त्यांना कोण सांगणार? आठवडाभर रोज एकेक ओळ तुम्ही लिहिली. पोळा म्हणजे काय. तान्हा पोळा का. त्याच दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडायचं असतं, हेही. आणि बोजारा म्हणून पोरांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, नुसतं ‘सो क्यूट’ म्हणून दार लावायचं नसतं. कमिटीनं मिरवणुकीत ‘फक्त रहिवाशांची मुले’ असं म्हटलं होतं. तुमची ओळ होती, ‘बैलाला गेटपास लागत नाही.’ गार्डचा मुलगा आला, इस्त्रीवाल्याच्या दोघी मुली आल्या, एका केरळी पोरानं तर चाकं लावलेला हत्तीच आणला. त्याला बैलांच्या रांगेत पहिला नंबर मिळाला. परीक्षक म्हणून तुम्ही आणि कॉफीवाले भाऊजी बसला होता, त्यामुळे अपील कुठे करायचं हे कुणाला समजलं नाही.

कुणी गेलं तरी तुम्ही त्याच चार ओळींत सांगता. नाव, विंग, मानेवाडा घाट, वेळ. आणि खाली, ‘आज क्लब हाऊसमध्ये गाणी नकोत.’ पूर्वी इथे तिसऱ्या माळ्यावर अंत्ययात्रा आणि खाली झुंबा, असं झालेलं आहे म्हणे.

तर काकू, आभार. चहाबद्दल, शुल्काबद्दल, सासूबाईंना तीन वर्षांत इतकी माणसं मिळाल्याबद्दल. यवतमाळला आमच्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखायचे, तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. इथे गेट, कॅमेरे, ॲपवर येणारा ओटीपी हे सगळं बिल्डरनं दिलं. ओळख द्यायचं काम फुकटात तुमच्यावर पडलं, आणि तुम्ही ते केलं.

दिवाळीला तुम्ही लेकीकडे अमरावतीला जाता, तेव्हा फळा कोरा राहतो आणि सासूबाई रोज गेटपर्यंत जाऊन ‘आज काहीच नाई काऊन’ म्हणत परत येतात. यंदा ते दिवस मी लिहीन म्हणते. अक्षर माझं कोंबडीचे पाय आहे आणि चार ओळींत मावणं मला जमत नाही, हे या पत्रावरून तुम्हाला कळलंच असेल. जाण्याआधी एकदा बसू आणि काय लिहायचं नाही ते तेवढं सांगून ठेवा.

आपली,
बी विंगमधली एक भाडेकरू

ता.क. : सासूबाईंनी आज कोथिंबीर भरून सांबारवडी केली आहे. सातच्या आत या, नंतर उरेल याची हमी नाही. भाऊजींनाही निरोप दिला आहे.