गुन्हेगार दिसायला कसा असतो हो?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात क्राइमच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, 'चेहऱ्यावरून तो असं काही करेल असं वाटत नव्हतं', नाहीतर मग 'सोज्वळ दिसणाऱ्या तरुणाने'. मग असं करणारा दिसायला कसा हवा होता, ते एकदा छापूनच टाका, म्हणजे आम्ही शेजारीपाजारी बघून ठेवू.

इटलीच्या डॉक्टर चेझारे लोंब्रोझोंनी १८७६ साली खरंच ते छापलं होतं. दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रिया भागातल्या विलेल्ला नावाच्या एका कैद्याची कवटी त्यांनी तपासली, आत मागच्या बाजूला बहुतेकांना नसतो असा एक खळगा दिसला आणि तेवढ्यावरून ठरवलं की हा उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. मग काय, यादीच सुरू झाली, पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात, विरळ दाढी, जुळलेल्या भुवया (आमचं अर्धं घराणं इथेच आत जातं), गोंदणसुद्धा! आता गोंदण काय आईच्या पोटातून घेऊन येतात का? आणि जेलमध्ये जाऊन मापं घेतली तर जे पकडले गेले तेच भेटणार ना, जे सुटले त्यांचे कान कोण मोजतंय.

पुढे १९१३ मध्ये इंग्लंडच्या जेलमधले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापं घेऊन सैनिक, कॉलेजची पोरं यांच्याशी ताडून बघितली, तर गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरामोहरा काही सापडलाच नाही. विलेल्लाच्या गावाने कवटी परत मागितली, कोर्टकचेरी झाली, पण ती अजून इटलीतल्या तुरिन शहरातल्या लोंब्रोझोंच्या म्युझियममध्येच आहे. लोंब्रोझोंचा स्वतःचा सांगाडाही तिथेच ठेवलाय!

आपल्याकडे इंग्रजांना तर माप घ्यायचीही गरज पडली नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आमच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, सुटका झाली ती थेट १९५२ ला. आणि २०१६ मध्ये चीनमधल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटरला फोटो दाखवून गुन्हेगार ओळखायला शिकवलं म्हणे, तर टीका करणाऱ्यांनी दाखवून दिलं की साध्या लोकांच्या फोटोत पांढरी कॉलर आणि जरा हसरा चेहरा होता, मशीन बहुतेक तेच बघत होतं.

तेव्हा तुमच्या क्राइम रिपोर्टरना एवढं सांगा, आरोपीचं वय, कलम, पोलीस स्टेशन सगळं छापा, पण तो सोज्वळ दिसतो का उग्र ते गाळा. आणि नुसत्या संशयावरून धरलेल्याचा फोटो चार्जशीटच्या आधी टाकणं पण थांबवा, नंतर तो सुटला तर ती बातमी तुम्ही आतल्या पानावर चार ओळीत देता.

एक वाचक, सोलापूर