बंगालचे मृत्यू विजयाने मागितले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धावरील लेखमालेच्या ताज्या भागात म्हटले आहे की, हिटलरला हरवणारे ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांचे माप विजयानेच घ्यावे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ही त्या विजयाची ‘किंमत’ होती. या एका शब्दासाठी हे पत्र.

मी माणगाव तालुक्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आमच्याच तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, तुकडीतले सगळे सोबती मेलेले किंवा जखमी असताना हा २२ वर्षांचा मुलगा एकटा मशीनगनवर चालून गेला. ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून पडला. त्यामुळे तो विजय मला परका नाही. मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता, ब्रिटिश मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स हिटलरशी तडजोडीची वाट चाचपून पाहू म्हणत होते. त्या दिवसांत चर्चिल डगमगले नाहीत, हे श्रेय त्यांचेच आहे.

पण जी मोजल्याशिवाय वस्तू हाती येत नाही, ती किंमत. घाडगे यांचे प्राण ही किंमत होती. बाँबवर्षावात लंडनकरांनी सोसले, तीही होती. बंगालमधली सुमारे ३० लाख माणसे मेली, त्याने कोणती आघाडी राखली गेली?

ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने मेदिनीपूर झोडपले. यात चर्चिल यांचा दोष नाही. पण जपानी उतरतील या धास्तीने सरकारनेच किनारपट्टीतला तांदूळ उचलला आणि १० पेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या. जिथे बाजार, शेती आणि मासेमारी सगळे पाण्यावरून चालते, तिथे होडी गेली म्हणजे काय गेले, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. लष्करी खर्चाने महागाई भडकली, तांदूळ चौपटीहून महाग झाला. कोलकात्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहिले. मेले ते खेड्यातले शेतमजूर, कोळी, भात कांडून पोट भरणाऱ्या बाया. शहरात येऊन दारोदार ते ‘फ्यान दाओ’ म्हणत फिरले. फ्यान म्हणजे भात वेळून काढलेले पाणी. भात मागायचीही त्यांची हिंमत उरली नव्हती.

धान्य आणायला जहाजे नव्हती, असे लेखात आहे. जहाजांची टंचाई खरीच होती. तरीही ऑगस्ट १९४३ मध्ये ५ लाख टन धान्याची मागणी लंडनच्या युद्धमंत्रिमंडळापुढे आली, तेव्हा त्यातला लहानसा भागच देऊ केला गेला. जहाजांसाठी चर्चिल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले, तेही नोंदवले पाहिजे. रूझवेल्टनी नकार दिला. मात्र ते पत्र एप्रिल १९४४ च्या अखेरचे आहे. तोवर रस्त्यांवरची प्रेते उचलून झाली होती आणि उरलेल्यांना मलेरिया व देवी नेत होत्या.

बंगालचे प्रांतिक सरकार आणि साठेबाज यांचाही दोष मोठा आहे. पण त्यांना वठणीवर आणण्याचा अधिकार दिल्लीचा होता आणि दिल्ली लंडनच्या हुकमाखाली होती. व्हाइसरॉय लिनलिथगो दुष्काळात एकदाही बंगालला गेले नाहीत. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांच्या जागी लॉर्ड वेव्हेल आले. ते स्वतः सेनापती. सूत्रे घेतल्यावर काही दिवसांतच ते कोलकात्यात पोहोचले आणि त्यांनी लष्कर मदतीला लावले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढाई चालूच होती. सैनिकांनी धान्य पोचवले म्हणून ती हरली नाही. मग हेच सहा महिने आधी का झाले नाही? लेखात हा प्रश्नच नाही आणि मला तेच सर्वांत जास्त लागले.

धान्याच्या रेशनिंगचा आपल्या मुंबईचा दाखलाही लेखात नाही. लेखमाला पुढे चालणार आहे. तिच्यात बंगालला एक वाक्य न देता एक पूर्ण भाग द्यावा, ही विनंती. त्यात रेशनिंग सुरू झाल्याच्या दोन तारखा शेजारी शेजारी छापाव्यात: मुंबई, मे १९४३. कोलकाता, जानेवारी १९४४.

आपला,
एक वाचक,
ता. माणगाव, जि. रायगड