डॉजर्सच्या आधी मोनार्क्स

महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीतील अमेरिकी बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनवरचा लेख आवडला. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून खेळून त्याने मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, तोवर गोऱ्यांपुरतेच असलेले दार कृष्णवर्णीयांसाठी उघडले. मात्र लेखासोबतच्या तक्त्यात त्याच्या नावावर १५१८ हिट (चेंडू टोलावून बेस गाठणारे यशस्वी फटके) दाखवल्या आहेत, हा आकडा आता जुना झाला. १९४५ चा हंगाम रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाकडून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून खेळला होता, आणि लेखात त्या संघाचा नामोल्लेखही नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीतील वायएमसीएच्या इमारतीत कृष्णवर्णीय संघमालक रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय संघांची नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. (‘नीग्रो’ हा शब्द आज खटकतो, पण लीगचे नावच ते असल्याने बदलता येत नाही.) मोनार्क्स तिच्या पहिल्या संघांपैकी एक, त्याचे मालक जे. एल. विल्किन्सन गोरे होते. १९२४ मध्ये कृष्णवर्णीय लीगांच्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेत्या संघांमधील अंतिम मालिकेत, मोनार्क्सने हिलडेल संघाला ५-४ अशा सामन्यांनी हरवले. पुढे मंदीत प्रेक्षक आटू लागले, तेव्हा दिवसभर कामावर असणाऱ्यांना संध्याकाळी तरी मैदानावर येता यावे, म्हणून विल्किन्सन यांनी मालमत्ता गहाण टाकून फिरते प्रकाशझोत तयार करून घेतले. ट्रकवर उभारलेले उंच खांब, त्यांवर दिवे आणि शेजारी धडधडणारा जनरेटर, असा सगळा संसार घेऊन संघ गावोगाव फिरू लागला. एप्रिल १९३० मध्ये ओक्लाहोमातील एनिड येथे मोनार्क्स दिव्यांखाली खेळले. मेजर लीगमधला पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी, १९३५ मध्ये सिनसिनाटीत झाला.

रॉबिन्सनला संघात घेणारे डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या धैर्याचे कौतुक लेखात आहे व ते योग्यच आहे. पण रॉबिन्सनला करारबद्ध करताना त्यांनी मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही, हेही लिहायला हवे होते. कृष्णवर्णीयांच्या लीग नीट संघटित नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटत नाही, कारण १९४७ मध्ये मेजर लीगमधील क्लीव्हलंड संघाचे मालक बिल व्हीक यांनी कृष्णवर्णीय खेळाडू लॅरी डोबीसाठी नीग्रो लीगमधील नेवार्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांना १५ हजार डॉलर मोजलेच होते. मोनार्क्सच्या मालकांनी अखेर मोबदल्याबाबतची तक्रार पुढे रेटली नाही. रॉबिन्सनच्या वाटेत अडथळा बनणे त्यांना नको होते.

त्यानंतर मेजर लीगचे दरवाजे जसजसे उघडत गेले, तसतसे नीग्रो लीगमधील खेळाडूही गेले आणि प्रेक्षकही. मोनार्क्सचा एर्नी बँक्स १९५३ मध्ये मेजर लीगमधील शिकागो कब्ज संघाकडे गेला. १९५५ मध्ये मोनार्क्स संघ विकला जाऊन त्याचा मुक्काम मिशिगनमध्ये हलला. नाव तेवढे कॅन्सस सिटीचे राहिले, आणि १९६५ मध्ये तेही मिटले.

मेजर लीगने २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. मोनार्क्सकडून खेळताना काढलेल्या ४९ हिट धरून रॉबिन्सनच्या हिट आता १५६७ होतात. तक्त्यातील दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक