पाकिटावर चार शब्दांची जागा आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तकांची नव्हे, वेष्टनांची. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, खोकल्याची औषधं यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत जे काही असतं, ते छपाईला जाण्याआधी वाचणं हे माझं काम. घटकांची यादी, इशारे, मुदत, कुठली ओळ किती पॉइंटांत बसेल, हे मी झोपेतही सांगेन. चष्म्याचा नंबर त्यातच वाढला. आणि तरीही सॅनिटरी पॅडचं जे पाकीट मी तेराव्या वर्षापासून दर महिन्याला फोडत होते, त्यावर काय लिहिलंय हे चाळिशी येईपर्यंत कधी वाचलं नव्हतं. वाचलं तेव्हा कळलं, वाचण्यासारखं तिथे फारसं काही नाहीच.

झालं असं. दोनेक वर्षं पाळीच्या तिसऱ्या दिवशी मला खाज सुटायची. मग आग, मग बारीक पुरळ, आणि पाळी संपून आठवडा उलटला की सगळं आपोआप शांत. बुरशीचा संसर्ग समजून मलमं झाली, गोळ्या झाल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार. शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "पॅड कुठलं वापरता? वासाचं का?" मला सांगता येईना. घरी येऊन एक पॅड नाकाशी धरलं. तो वास मला चांगलाच ओळखीचा होता. इतकी वर्षं मी त्याला नवेपणाचा वास समजत होते, नव्या वहीला असतो तसा. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. पुढे फुलाचं चित्र आणि 'फ्रेश' हा शब्द. सुगंधद्रव्य घातलं आहे, असं कुठेही नाही. फुलाचं चित्र हे घटकांच्या यादीत धरायचं का, हा प्रश्न आमच्या धंद्यात अजून कुणी काढलेला नाही.

बिनवासाचे पॅड आणले. तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास थांबला. माझ्या एकटीच्या अनुभवावरून कायदा करा, असं मी म्हणणार नाही. खाज बुरशीनेही येते, इसब असेल तर येते, घामाने आणि घासल्याने येते, पॅडच्या चिकटपट्टीनेही येऊ शकते. वासाचे पॅड वापरून काहीही न होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण ज्यांना होतं, त्यांना आपल्याला कशाने होतंय हे शोधायचं कसं, तेवढाच माझा प्रश्न आहे.

थोडा हिशोब मांडते. पाळीचे पाच दिवस, दिवसाला पाच पॅड, म्हणजे महिन्याला पंचवीस, वर्षाला तीनशे. तेराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत धरलं तर अकरा हजारांच्या आसपास पॅड. प्रत्येक चार-पाच तास, ओलाव्यात, हवा लागणार नाही अशा जागी, चालताना घासत. तिथली त्वचा तळव्यासारखी राठ नसते. बाहेरचा संरक्षक थर आतल्या बाजूला पातळ होत होत जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून तिथे लागलेली वस्तू लवकर झोंबते आणि लवकर शोषलीही जाते. सुगंधद्रव्यं ही त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. ॲलर्जी शोधायला पाठीवर पट्ट्या चिकटवून जी तपासणी करतात, तिच्यात सुगंधद्रव्यांचं मिश्रण ठरलेलंच असतं. आणि 'परफ्यूम' हा एक शब्द म्हणजे एक पदार्थ नव्हे, त्याच्या पोटात डझनावारी रसायनं असू शकतात.

युरोपीय संघाने २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर अशा २६ सुगंधी पदार्थांची नावं, ठरावीक प्रमाणापलीकडे असतील तर, छापणं सक्तीचं केलं. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली. माझ्या हातून जाणाऱ्या साबणाच्या वेष्टनांवर 'लिनालूल', 'लिमोनीन' ही नावं मी कित्येकदा तपासली आहेत. साबण अंगावर अर्धा मिनिट असतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पॅड चार-पाच तास तिथेच असतं. पण पॅड हे सौंदर्यप्रसाधन नाही, म्हणून तो नियम त्याला लागत नाही.

आता मूळ मुद्दा, वासाचा. पाळीच्या रक्ताला शरीरातून बाहेर पडताना फारसा वास नसतो. हवा, घाम आणि त्वचेवरचे जिवाणू यांच्याशी गाठ पडल्यावर तो तयार होतो आणि पॅड जितकं जास्त वेळ ठेवाल तितका वाढतो. उपाय साधा आहे. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं, बाहेरून पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं. सुगंध यातलं एकही काम करत नाही. तो वरून पांघरूण घालतो आणि पॅड बदलायची वेळ झाल्याची आठवण तेवढी लांबवतो. त्याहून वाईट म्हणजे, काही संसर्ग झाले की वास बदलतो, आणि तो बदल सगळ्यांत आधी बाईच्याच नाकाला कळतो. कुठलंही यंत्र लागत नाही. आपण तिच्या त्या नाकावरच फुलांचा फवारा मारून ठेवला आहे.

हा वास दुसऱ्याला येतो का? पूर्ण कपडे घालून हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला सहसा नाही. 'कुणाला कळेल' ही भीती मात्र खरी असते, आणि तेराव्या वर्षी तर डोंगराएवढी. सुगंधी पॅड विकले जातात ते त्या भीतीच्या जोरावर. हे वाक्य मी कामाच्या ठिकाणी बोलले असते तर माझी वेष्टनं दुसऱ्या कुणाकडे गेली असती.

मंत्रिमहोदय, बाजारातून सुगंधी पॅड काढून टाका, अशी मागणी मी करत नाही. एखादीला तो वास आवडतो, त्रास होत नाही, तिने खुशाल घ्यावा. पण जिला निवडच करता येत नाही तिचं काय? शाळेत वाटलेलं पॅड, वसतिगृहात मिळालेलं, रुग्णालयात बाळंतपणानंतर हातात दिलेलं, तुरुंगातलं, पुरानंतरच्या छावणीतलं. तिथे 'मला दुसरं द्या' म्हणायची सोय नसते, आणि धीर तर त्याहून नसतो. म्हणून सरकारी पैशाने जे पॅड विकत घेतले जातात, ते सगळे सुगंधद्रव्याविना असावेत, ही माझी पहिली मागणी. खरेदीच्या अटींमध्ये एक ओळ वाढवावी लागेल. कुणाची गैरसोय होणार नाही. बिनवासाचं पॅड सगळ्यांना चालतं, वासाचं मात्र काहींना चालत नाही.

ती ओळ लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागेल, आणि इथे मी धंद्यातल्या माहितीने बोलते आहे. 'वास नसलेलं' आणि 'सुगंधद्रव्य नसलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्च्या मालाचा वास मारण्यासाठी दुसरं एखादं सुगंधद्रव्य घालून वस्तू बिनवासाची करता येते. नाकाला काही कळत नाही, कातडीला कळतं. तेव्हा अटीत 'कोणतेही सुगंधद्रव्य अथवा गंध झाकणारा पदार्थ मिसळलेला नसावा' असं स्वच्छ लिहा. 'हर्बल' आणि 'नैसर्गिक' या शब्दांनाही भुलू नका. वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेलंसुद्धा ॲलर्जी आणतात. वर सांगितलेलं लिनालूल लव्हेंडरच्या तेलात भरपूर असतं. आणि 'कॉटनसारखं मऊ' म्हणजे कॉटन नव्हे. वरचा थर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या प्लास्टिकचा असतो. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि ओल शोषून जेल होणारी पावडर, खाली पॉलिथिन, मग गोंद. यात लपवण्यासारखं काही नाही, पण लिहिलेलं असावं. ज्यांना प्लास्टिकच्या जाळीने घाम येऊन जांघा सोलवटतात, त्यांनी वरचा थर खऱ्या सुती कापडाचा असलेलं पॅड घेतलं तर फरक पडू शकतो. पण तो थर कशाचा आहे हे पाकिटाने सांगायला हवं.

लिहिल्याने काय होतं, असं आपले अधिकारी विचारतील. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन, म्हणजे योनीत घालायचा शोषक बोळा, वापरणाऱ्या तरुण मुली टॉक्सिक शॉक सिंड्रोमने, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराने, दगावल्या. तेव्हा एका कंपनीचं 'रेग्युलर' दुसरीच्या 'सुपर'पेक्षा जास्त शोषून घ्यायचं, असा गोंधळ होता. मग तिथल्या सरकारने हे शब्दच ग्रॅममध्ये बांधले. 'रेग्युलर' म्हणजे सहा ते नऊ ग्रॅम, 'सुपर' म्हणजे नऊ ते बारा. १९९० पासून ते पाकिटावर आलं, आणि गरजेपुरतं कमीत कमी शोषणारं टॅम्पॉन निवडणं शक्य झालं. पुढे न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये पाळीच्या सगळ्या उत्पादनांवर घटक छापायचा कायदा केला आणि २०२१ पासून तो लागू झाला. कंपन्या बुडाल्या नाहीत. यादी छापली, इतकंच.

'पाकिटावर जागा नाही' हे कारण पुढे केलं जाईल. माझ्यासमोर कुणी ते करू नये. बोटभर रुंदीच्या मलमाच्या ट्यूबवर मी बावीस घटक बसवलेले आहेत.

निवड म्हटली की आणखी एक बोलावं लागेल, कारण सरकारी खात्यांना कधी कधी एखादी वस्तू फार आवडून जाते आणि मग तीच सगळ्यांना वाटली जाते. सध्या ती पाळी मेन्स्ट्रुअल कपवर, म्हणजे योनीत बसवून रक्त साठवणाऱ्या छोट्या पेल्यावर, येऊ शकते. कप चांगला आहे. मी स्वतः आता तोच वापरते. वैद्यकीय दर्जाचं सिलिकॉन, त्यात ना सुगंध ना गोंद, बारा तासांपर्यंत ठेवता येतो, नीट जपला तर दहा वर्षंही टिकतो. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे ३,३०० स्त्रिया आणि मुली होत्या, आणि कपातून गळती इतर साधनांइतकी किंवा कमी होते, असं दिसलं. पण हात बसायला दोन-तीन पाळ्या लागतात. माझी पहिली पाळी तर निव्वळ कुस्ती होती. घडी कशी घालायची, काढताना आधी तळाला चिमटून हवा कशी सोडायची, हे कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं. दोन पाळ्यांच्या मध्ये तो उकळावा लागतो. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. आणि योनीत काही घालायचंच नाही असं जिला वाटतं, तिच्या नकारामागे कारण असलंच पाहिजे असं नाही.

कापडी पॅड पुष्कळ जणींच्या कातडीला सगळ्यांत सुखाचे वाटतात. त्यांची अट पाण्याची आणि उन्हाची. आधी थंड पाण्यात, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो, मग साबणाने, आणि मग पूर्ण कडक वाळेपर्यंत मोकळ्या हवेत. अर्धवट ओला पॅड सुगंधी पॅडपेक्षा वाईट. (आणि तो धुवायला अतिसुवासिक पावडर किंवा कपडे मऊ करायचं द्रव वापरलं, तर पुढच्या दाराने हाकललेला सुगंध मागच्या दाराने परत येतो. शिवाय त्या द्रवाने कापडाची शोषणशक्ती कमी होते. ही चूक मी केली आहे.) पीरियड पँटीचंही, म्हणजे शोषक थर शिवलेल्या चड्डीचंही, धुण्याचं गणित साधारण हेच. ज्यांना दिवसभर धावपळ आहे, ज्यांच्याकडे वाळत घालायला आडोसा नाही, ज्यांचं अंगावरून फार जातं, त्यांना बिनवासाचं, फेकून द्यायचं पॅडच सोयीचं पडेल आणि त्यात काही कमीपणा नाही. स्कॉटलंडचा मोफत साधनांचा कायदा २०२२ मध्ये लागू झाला. त्यात नुसती साधनं द्या एवढं म्हटलेलं नाही, वेगवेगळ्या प्रकारांतून वाजवी निवड करता आली पाहिजे, असंही आहे. आपल्या सरकारी पॅडवाटपाच्या योजनेत ते वाक्य यावं.

पँटी लायनरचा, म्हणजे चड्डीला चिकटवायच्या पातळ पट्टीचा, उल्लेख राहिला. ते पाळी नसतानाही रोज वापरले जातात, म्हणजे सुगंध महिन्याचे तीसही दिवस. आधी नियम कशाला लावायचा असा प्रश्न पडलाच, तर मी म्हणेन लायनरला.

शेवटी कामाचं. घटकांची पूर्ण यादी पाकिटाच्या मागे हवीच. पण ती वाचायला सगळ्यांनाच वेळ, चष्मा किंवा शिक्षण असतं असं नाही. म्हणून पुढच्या बाजूला, फूल असेल तर फुलाच्या शेजारी, एक ओळ हवी : 'या पॅडमध्ये सुगंधद्रव्य आहे.' शब्द चार. घरातल्या सात वेगवेगळ्या पाकिटांवर मी ती मापून पाहिली. ठळक दहा पॉइंटांत सातही ठिकाणी बसते, आणि 'फ्रेश' हा शब्द सूतभरही हलवावा लागत नाही. नियमाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर कराल तेव्हा त्यात अक्षरांचा किमान आकार जरूर घाला. नाहीतर ही ओळ पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीखाली जाईल. अशा ओळी कुठे घालतात, ते मला ठाऊक आहे. छपाईआधी नमुना तपासून हवा असेल तर मी पैसे न घेता तपासून देईन.

कळावे,

आपली,
वेष्टनांची एक मुद्रितशोधक