चि. मृणालला

विश्रामबाग, सांगली

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपलं वाजलं, ते आता सोडून दे. खोकल्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. दादाबरोबर स्वेटर आणि आत्याकडची हळद पाठवली आहे. रात्री दुधातून घे. घशाला बरी.

तू म्हणालीस, "आई, तुला माझं काम कळतच नाही." कळतं गं. गणपतीत तू कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दिलंस, ते अजून कपाटात आहे. जंतूच्या पेशीत रायबोसोम नावाचं यंत्र असतं; तो एमआरएनए, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेला धागा, वाचत प्रथिनं बनवतो. तो एमआरएनए मध्येच तुटलेला असला तर 'थांब' ही खूणच उरत नाही, आणि खुणेशिवाय रायबोसोमला सुटता येत नाही. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी अडकली की मागे ट्रॅक्टरांची रांग लागते, तशी गत. मग टीएमआरएनए हा रेणू एसएमपीबी नावाच्या प्रथिनाला घेऊन तिथल्या रिकाम्या जागेत शिरतो. आधी स्वतःजवळचं अ‍ॅलानिन, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, जोडतो, मग रायबोसोमला स्वतःचा छोटा मजकूर वाचायला लावतो, आणि त्या मजकुराच्या शेवटी 'थांब' असतं. रायबोसोम मोकळा! अर्धवट प्रथिनाला मात्र शेपटी चिकटलेली असते, आणि ती ओळखून पेशी त्याचे तुकडे करून टाकते. १९९६ साली ही शेपटी उलगडली, असं तूच सांगितलंस. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला अडचणीत दुसरीही वाट असते. क्षयाच्या जंतूचं टीएमआरएनएशिवाय चालत नाही, आणि माणसाच्या पेशीत तो रेणूच नाही. म्हणून तर तुम्ही त्याच्यामागे लागलात. गनोरियाच्या जंतूची हीच सुटका अडवणारं एक संयुग २०२१ मध्ये उंदरांवर लागू पडलं, हे सांगताना तुझा चेहरा कसा फुलला होता!

ऐकताना मला आज्जी आठवत होती. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनसुद्धा जंतूच्या रायबोसोमवरच घाव घालतं, पण त्या इंजेक्शनांनी आजाराबरोबर तिचे कानही नेले. तुझा बारावीचा निकाल तिला पाटीवर लिहून दाखवला होता. तिने ती पाटी आठवडाभर पुसू दिली नाही. येईल त्याला हात धरून पाटीपाशी न्यायची आणि तुझे मार्क मोठ्याने वाचायची. स्वतःचा आवाज किती चढलाय, ते तिला कळायचं नाही. माणसाला धक्का न लावता फक्त जंतूला मारणारं औषध तिच्या नातीच्या हातून निघणार असेल, तर मी कशी अडवीन तुला?

पण आजवर तू स्मेग्मॅटिस या क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदावर काम करत होतीस, त्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. आता खरा क्षयाचा जंतू, आणि त्यात हा खोकला. मास्क नाकाच्या हाडापाशी नीट बसतो का? फट राहते का बघ. जेवण टाळू नकोस. मिरजेच्या वॉर्डात मी जन्म काढला. दोन महिन्यांत वजन भरलं, भूक लागली की लोक गोळ्या सोडून घरी जायचे, आणि वर्षभराने परत यायचे ते ओळखू न येण्यासारखे. शिकलेसवरलेले तर जास्तच. "मला काय होतंय" म्हणायचे. तूही परवा तेच म्हणालीस.

झालं माझं सुरू. रागावू नकोस बाळा, तुझ्या लॅबमध्ये माझ्यापेक्षा जास्त काळजी घेणारे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. आत जायला एकामागे एक दोन दारं, हवा आत ओढणारी यंत्रणा, सगळं तू सांगितलं आहेस. तरी दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडका तपासायचा, हा नियम प्रोफेसरांनाही लागू आहे. संध्याकाळी कणकण येते का, रात्री घाम येतो का, ते खरं सांग. सीबीनॅटला, म्हणजे बेडक्यात क्षयाचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला, दोन तास लागतात, तेवढा वेळ काढ.

बाबा काही बोलत नाहीत, पण तुझं नाव छापून आलेला तो इंग्रजी कागद लॅमिनेट करून आणलाय त्यांनी.

एक्स-रे काढलास की त्याचा फोटो मला पाठव. नुसता रिपोर्ट नको, फिल्मचा हवा. फिल्म वाचता येते मला.

तुझी,
आई