इथली चढण

बॉयसी, आयडाहो
कोजागिरीनंतरचा शनिवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबांना माझं बोलणं नीट ऐकू गेलं नाही, हे त्यांच्या गप्प बसण्यावरूनच कळलं. कोयनेच्या पोफळी वीजगृहात इतकी वर्षं टर्बाइनच्या आवाजात काढल्यावर कानांनी आणखी किती साथ द्यायची? म्हणून पत्र लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे. तुझ्यासाठीचा मजकूर शेवटाकडे आहे.

बाबा, इथे सध्या माशांची चढण लागली आहे. मला दुसरा शब्दच सुचत नाही. मृगाचा पहिला दणका बसला की आपल्या पऱ्याच्या वाहत्या पाण्यातून शिंगटी आणि वाम शेताकडे धाव घेतात ना, तसंच. फरक एवढाच की इथे त्या वेळी पावसाचा पत्ता नसतो, आणि मासा हातभर लांब असतो. त्याचं नाव स्टीलहेड. जात रेनबो ट्राउटचीच. एकाच मादीची काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, काही समुद्राची वाट धरतात. जी जातात ती पॅसिफिकमध्ये एक-दोन वर्षं खाऊन दांडगी होतात आणि मग ज्या पाण्यात जन्मली त्या पाण्याच्या वासावर परत येतात. सॅमन मासा अंडी घातली की मरतो. हा मरेलच असं नाही. थोडे का होईना, पुन्हा समुद्राकडे वळतात आणि पुढे कधी तरी पुन्हा वर येतात. मला हा मासा आवडतो तो यासाठी.

येतात तरी कुठून! कोलंबिया नदीच्या मुखातून शिरायचं, तिथून स्नेक नदी, मग क्लिअरवॉटर. ओरोफिनो गावापर्यंत पोचायला सुमारे आठशे किलोमीटर होतात, म्हणजे मुंबईत गाडीत बसून नागपूरला उतरल्यासारखं, आणि तेही उलट्या धारेने, जवळजवळ उपाशी. वाटेत आठ धरणं. तुम्हाला नावं हवी असणार, म्हणून क्रमाने लिहिते: बॉनव्हिल, द डॅल्स, जॉन डे, मॅकनेरी, आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस, लोअर ग्रॅनाइट. आपले मासे चढले की चार दिवसांत अंडी घालून मोकळे होतात. हे उन्हाळ्यात निघतात, शरदात इथवर येतात, बर्फाचा सगळा हिवाळा डोहात दबा धरून काढतात आणि मार्च-एप्रिल उजाडल्यावर अंडी घालतात.

गेल्या महिन्यात मी लोअर ग्रॅनाइटला थांबले होते. 810 मेगावॅटचं धरण आहे. कोयनेच्या 1960पुढे लहानच म्हणा, पण बाबा, तुम्ही तिथून लवकर हलला नसतात. धरणाच्या कडेने माशांसाठी पाण्याची शिडी आहे. टप्प्याटप्प्याने एक कुंड, त्याच्यावर दुसरं, असं करत मासा शंभर फूट वर येतो. एका ठिकाणी भिंतीत जाड काच बसवली आहे. तिच्यापलीकडे हिरवट पाणी आणि बुडबुडे. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एकदम कोपऱ्यातून एक राखाडी नाक पुढे येतं, अंग तिथल्या तिथे थरथरत राहतं, जणू पाणी जोखतंय, आणि शेपटीचा एक फटका मारून तो दिसेनासा होतो. एकाच्या डोक्यावर पांढरा चट्टा होता, बहुधा सीलने धरून सुटलेला. दुसऱ्याच्या शेपटीचं टोक फाटलेलं. मी अर्धा तास उभी होते. तिथे माणसं नेमलेली असतात, काचेतून जाणारा एकेक मासा मोजतात, आणि तो आकडा रोजच्या रोज जाहीर होतो. इथले गळवाले सकाळी उठून तो आकडा आधी बघतात, आपल्याकडे जून उजाडला की धरणातल्या पाण्याची टक्केवारी बघतात तसा.

या आकड्यांनी माणसं रडतातही. बॉनव्हिलला 1938 पासून मोजणी चालू आहे. 2001 साली तिथून सहा लाखांहून जास्त स्टीलहेड वर गेले. 2021 साली लाखभरही नाहीत. त्या वर्षी मी एकदाही गळ टाकला नाही. कुणी बंदी केली होती म्हणून नाही, मनच होईना. यंदा मात्र आकडे वर गेले आणि ऑफिसातल्या, पेट्रोल पंपावरच्या, सगळ्यांच्या तोंडी नदीच आली. म्हणून सलग दोन शनिवार-रविवार मी तिकडेच होते, आणि म्हणून तुमचा फोन राहिला. राग मानू नका.

बॉयसीहून गाडीने साडेपाच-सहा तास लागतात. रिगिन्सच्या पुढे सॅमन नदीवरचा पूल ओलांडला की घड्याळ एक तास मागे जातं. पहाटे अंधारातच पाण्यात उभं राहावं लागतं, कारण ऊन पाण्यावर आलं की मासा खोल जातो. आमच्या बॉयसीच्या बाजूला हे मासे येतच नाहीत आता. हेल्स कॅनियनमध्ये तीन धरणं आहेत, त्यांना शिडीच ठेवलेली नाही, तिथेच वाट संपते.

क्लिअरवॉटरच्याही एका फाट्याचं तेच झालं. ओरोफिनोजवळ अहसाका म्हणून जागा आहे, तिथे उत्तर फाट्यावर ड्वोर्शाक धरण उभं आहे. 717 फूट उंच. एवढ्या उंचीला शिडी कसली लावणार? वरच्या सगळ्या ओढ्यांतले मासे बंद झाले. त्याची भरपाई म्हणून धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र काढलं, आणि आज ते चालवण्यात नेझ पर्स जमातीचे लोक आहेत. नेझ पर्स हे इथले मूळचे लोक. 1855 च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण मासे धरायचा आपला हक्क लिहून घेतला. मला हे फार मोलाचं वाटतं. जमिनीबरोबर नदी दिली नाही त्यांनी.

केंद्रात वाढवलेली बहुतेक पिल्लं सोडायच्या आधी त्यांच्या पाठीवरचा, शेपटीच्या अलीकडचा छोटासा मांसल पर कापतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान. परतून आलेला मासा गळाला लागला की आधी तिथे बघायचं. पर नसेल तर मासा केंद्रातला, तो ठेवता येतो, परवान्यावर लगेच नोंद करायची. पर शाबूत असेल तर तो रानातला, ओढ्यात जन्मलेला समजून सोडायचाच. गळाला उलटा काटा ठेवायलाही मनाई आहे, म्हणजे मासा कमी जखमी होऊन सुटतो.

आता गेल्या रविवारचं सांगते.

पहाटे पावणेसातला मी मांडीभर पाण्यात होते. धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता, फक्त दूर कुणाच्या तरी होडीतल्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. गळ वरच्या अंगाला टाकायचा, धारेबरोबर खाली जाऊ द्यायचा, शेवटी दोरी ताणली की एक पाऊल खाली सरकून पुन्हा टाकायचा. बोटं बधिर झाली होती. चाळीस-एक वेळा टाकून झालं असेल. मग दोरी थांबली. दगडात अडकली असं वाटलं, आणि तेवढ्यात दगडच चालायला लागला.

रिळाचा असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मासा सरळ खालच्या अंगाला सुटला आणि साठ-सत्तर हातांवर पाण्याबाहेर उडाला. पूर्ण. धुक्यात चांदीची परात फेकावी तसा. माझे गुडघे लटपटत होते. वीस मिनिटं गेली असतील, वेळेचं भान राहिलं नाही. शेवटी तो उथळ पाण्यात आला, कुशीवर कलला. मी वाकून बघितलं. पर होता. शाबूत.

मादी होती ती. माझ्या हाताच्या पंजापासून खांद्यापर्यंत लांब. गालावर फिकट गुलाबी झाक, पाठ शेवाळी, पोट दुधासारखं. पाण्याबाहेर काढली नाही. हात ओले करून एक शेपटीच्या मुळाशी आणि एक पोटाखाली धरला, तोंड धारेकडे केलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. पोट गच्च लागत होतं हाताला. त्या क्षणी, बाबा, मला आपला पऱ्या आठवला. मी आठ वर्षांची असेन. तुम्ही बॅटरी माझ्या हातात दिली होती आणि म्हणाला होतात, उजेड हलवू नकोस. पऱ्याच्या अर्ध्या भागात तुम्ही दगड लावून टोपली धरली होती, अर्धा मोकळा. वरच्या वाडीतल्या माणसाने सगळा पऱ्या जाळ्याने अडवला म्हणून तुम्ही त्याच्याशी भांडलात. "वर गेलेच नाहीत तर पुढच्या मृगाला काय दगड धरायचे?" असं तुम्ही ओरडला होतात, पावसात. मग टोपलीतून एक गाबोळीने फुगलेली शिंगटी काढलीत, जपून, तिच्या काट्याला सांभाळून, आणि मोकळ्या बाजूने सोडलीत. घरी आल्यावर आई म्हणाली, एवढ्या रात्री भिजून इतकेच? तुम्ही काही बोलला नाहीत.

मी तेव्हा आईच्या बाजूची होते. मलाही जास्त मासे हवे होते.

हातातल्या मादीने एकदा जोर केला, मी पकड सैल केली, आणि ती गेली. मी तिथेच पाण्यात उभी राहून तुमची आठवण काढत रडले. इथे ज्याचा कायदा केला, पुस्तिका छापल्या, माणसं नेमली, ते तुम्ही कुणी न सांगता करत होतात, आणि गावात लोक तुम्हाला खुळा म्हणत होते. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. फोनवर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय, तेही फोनवर सांगितलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये मी नदीत पडले. गुळगुळीत गोट्यावरून पाय सरकला, धारेने पंधरा-वीस पावलं ओढलं. कमरेचा पट्टा आवळलेला होता म्हणून बुटांच्या वरच्या रबरी पोशाखात पाणी शिरलं नाही आणि मी काठाला लागले. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून लपवलं, पण लपवलं ते मनाला लागून राहिलं. आता जीवरक्षक जॅकेट आणि काठी घेतल्याशिवाय उतरत नाही, तळाला खिळे असलेले बूट घेतलेत, आणि एकटी जात नाही.

आई, तू मागे विचारलं होतंस की खायचा नसेल तर मुक्या जिवाला गळाला लावून त्रास कशाला द्यायचा. तेव्हा मी उडवाउडवी केली. खरं सांगते, याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पाणी कोमट असेल तेव्हा मी गळ टाकत नाही, कारण दमलेला मासा कोमट पाण्यात सावरत नाही. एक रानातला मासा सोडला की त्या दिवशी बहुतेक वेळा गळ गुंडाळते. परवान्याचा पैसा नदीच्याच कामी येतो. तरीही तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तो मी दर वेळी पाण्यात घेऊन उतरते.

त्याच दुपारी केंद्रातला एक मासा मिळाला, पर कापलेला. तो घरी आणला. मांस केशरी, आपल्या सुरमईपेक्षा तेलकट, काटे मोठे असल्याने सोपा. तू पाठवलेलं आगळ आणि तुझाच मसाला लावून अर्धा तास ठेवला, रव्यात घोळवून तव्यावर तळला. डोक्याचं आणि शेपटीचं तिरफळ घालून कालवण केलं. पोटात गाबोळीच्या दोन पेंड्या निघाल्या, अजून कोवळ्या, दाणे राळ्याएवढे. तुला गाबोळी किती आवडते! मी तीही तळली, पण खाताना घास दोनदा थांबला. पुढच्या वेळी मला सांग, इतकी कोवळी गाबोळी फुटू नये म्हणून तू तव्यावर काय करतेस. माझी सगळी विस्कटली.

बाबा, गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा. थंडी सुरू व्हायच्या आधी दाखवून या, पुढे ढकलू नका.

डिसेंबरची सुट्टी मी घेतलेली नाही. तिकीट 2 जूनचं काढलंय, परतीचं 28 जूनचं. आधी पोफळीला न जाता थेट संगमेश्वरला उतरते, तिथून घरी. पहिला पाऊस कोणत्या रात्री पडेल ते कुणाच्या हातात नाही, पण मृगात मी घरी असेन. तुम्हाला पऱ्यात उतरायचं नाही, बांधावर खुर्ची टाकू. दगड मी लावीन, अर्ध्या बाजूला. कुठून कुठपर्यंत ते तुम्ही वरून दाखवा. आई, जुनी बॅटरी माळ्यावर असेल तर काढून ठेव, सेल मी आणते.

तुमची,
मनू