मुलांना इतिहासाचा तपास करू द्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या ऐतिहासिक वाचनाविषयी आपल्या रविवार पुरवणीत जी चर्चा चालू आहे, तिच्या निमित्ताने एका जुन्या पुस्तकाकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. हेन्री विंटरफेल्ड या जर्मन लेखकाची ‘कायस इस्ट आइन डुमकॉप्फ’ ही किशोर कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे ती ‘डिटेक्टिव्ज इन टोगाज’ या नावाने इंग्रजीत आली. प्राचीन रोममध्ये घडणारी ही रहस्यकथा आहे, आणि मुलांपर्यंत इतिहास कसा पोहोचवावा याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

कथेची सुरुवात वर्गातल्या भांडणातून होते. झँथॉस नावाच्या ग्रीक गुरुजींच्या शाळेत बड्या घरची सात मुले शिकत असतात. त्यांतला रूफस रागाच्या भरात आपल्या मेणाच्या पाटीवर ‘कायस मूर्ख आहे’ असे लिहितो आणि पाटी वर्गाच्या भिंतीवर टांगतो. थोड्याच वेळात नेमके तेच वाक्य मिनर्वा देवीच्या मंदिराच्या भिंतीवर दिसते, तेही रूफसच्याच अक्षरात. मंदिर सम्राटाला अर्पण केलेले असल्यामुळे पोरांची चेष्टा हा पाहता पाहता गंभीर गुन्हा ठरतो आणि रूफसला अटक होते. पाटीवर आपणच लिहिले हे तो मान्य करतो. भिंतीवर लिहिल्याचे मात्र साफ नाकारतो. मग त्याला सोडवण्यासाठी उरलेली मुले शोध घेऊ लागतात. शेवट येथे सांगत नाही, कारण ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा आनंद हिरावून घेणे योग्य नव्हे.

पाँपेईच्या उत्खननात एका भिंतीवर कोणीतरी कायस नावाच्या मुलाला गाढव म्हटलेले सापडले, त्यावरून ही कथा सुचल्याचे विंटरफेल्ड यांनी नमूद केले आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहराच्या भिंतींवर अशी हजारो वाक्ये आहेत. त्यांत निवडणुकीचे प्रचार आहेत, प्रेमाची कबुली आहे, शिवीगाळही आहे. पाठ्यपुस्तकात अशा गोष्टींना जागा मिळत नाही. येथे मात्र एका क्षुल्लक ओळीवर संपूर्ण कादंबरी उभी राहिली. रोमन मुलांची लेखणी एका टोकाला टोकदार आणि दुसऱ्या टोकाला चपटी असे. त्या चपट्या बाजूने मेण सारखे केले की लिहिलेले पुसले जाई. मेणावरचे अक्षर असे पुसता येते, देवळाच्या भिंतीवरचे येत नाही, एवढे वाचणाऱ्या मुलाच्या लक्षात आले की त्या काळची शाळा त्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. कायसची बहीण क्लॉडिया सोडली तर मुली जवळजवळ नाहीतच, आणि गुलामगिरीचा उल्लेख फार सहजपणे येऊन जातो. तरीही पुरावा तपासून पाहण्याची, दिसते ते लगेच खरे न मानण्याची जी सवय हे पुस्तक लावते, ती आपल्या मुलांच्या ऐतिहासिक वाचनात मला फारशी आढळत नाही. आपण मुलांना राजे, किल्ले आणि लढाया देतो. त्यांचे मोल कमी नाही, पण लढाई कोणी जिंकली हे मुलाला आधीच ठाऊक असते आणि त्याच्या स्वतःच्या बुद्धीला करायला काही उरत नाही.

रहस्याला साजेसे जुने नगर शोधायला आपल्याला रोमला जाण्याची गरज नाही. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला सुमारे १० दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि तेथील कापड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेले जाई, असेही त्यात म्हटले आहे. १९३८ साली पाँपेईत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही मिळाली आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या पुरातन वस्तूंमधून तेथे जे संग्रहालय उभे राहिले, ते प्रत्येक लेखकाने एकदा पाहावे. भडोचच्या वाटेवर एखादी पेटी नाहीशी होते, आळ एका गाडीवानाच्या मुलावर येतो आणि हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिराची मुलगी त्याचा माग काढते, अशी गोष्ट मराठीत का लिहिली जाऊ नये? फास्टर फेणेच्या मागे धावणारा वाचकवर्ग आपल्याकडे तयार झालाच होता. त्याची नातवंडे आज शाळेत आहेत.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या पुरवणीत सातवाहनकालीन तेर किंवा पैठण येथे घडणारी मुलांची रहस्यकथा क्रमशः प्रसिद्ध करावी. ती लिहून घेताना एखाद्या पुरातत्त्व-अभ्यासकाला लेखकाच्या सोबत ठेवावे, म्हणजे गाड्या, नाणी, घरे आणि जेवणखाण यांचे तपशील चुकणार नाहीत. उत्तर पुढच्या रविवारी छापून, त्याआधी मुलांकडून त्यांचे तर्क पत्राने मागवता आले तर फारच उत्तम.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका, बार्शी